नावाचा खुलासा

माझे नाव ऋजुता शेख. हे नाव वाचताना वाचणारा मध्येच अडखळतो. बँकेत, दवाखान्यात, प्रवासात हमखास विचारणा होते, ‘लग्नानंतर शेख झालात का?’ नाही. मी जन्माने शेख आहे आणि ऋजुताही जन्मापासूनच. वडील प्राथमिक शाळेत मराठी शिकवत. माझ्या अकीक्याच्या दिवशी त्यांनी हे नाव जाहीर केले, आजोबांनी दुआ मागितली, मंडळी जेवून घरी गेली. कोणाला काही वावगे वाटले नाही.

हरकती नंतर आल्या. निकाहच्या वेळी मौलवीसाहेबांनी रजिस्टर पुढे ओढून विचारले, ‘असली नाम क्या है?’ आणि गेल्या वर्षी भावाच्या मुलीच्या अकीक्याला मी ‘मृदुला’ हे नाव सुचवले, तेव्हा भावजय हळू आवाजात म्हणाली, ‘आपा, तुमचं निभावलं. आता दिवस वेगळे आहेत. उगाच दोन्हीकडून बोलणी कशाला?’

‘दोन्हीकडून’ हा तिचा शब्द अगदी बरोबर आहे. म्हणून दोन्ही बाजूंना उत्तर देणे भाग आहे.

आधी आपल्यातल्यांना. संस्कृत नाव इस्लामी नाही, असे तुम्ही म्हणता. मग इस्लामी नाव कोणते? उमर, उस्मान, हमजा, खदिजा ही नावे इस्लामच्या प्रसाराआधीची अरबी नावे आहेत. ज्यांची ही नावे होती ते मुसलमान झाले; नावे तीच राहिली. पैगंबरांनी काही नावे बदलली हे खरे. पण ती अर्थ पाहून. अवज्ञा करणारी असा अर्थ असलेले एक नाव बदलून त्यांनी ‘जमीला’ ठेवले. ‘बर्रा’, म्हणजे पुण्यवान, या नावात आत्मस्तुती दिसली म्हणून ‘जैनब’ केले. ती नावे अरबीच होती. म्हणजे कसोटी अर्थाची होती, भाषेची नव्हती. या कसोटीवर कोणी मला म्हणाले, ‘बाई, स्वतःला सरळ म्हणवून घेणे ही प्रौढीच नव्हे काय?’ तर तो आक्षेप मी मान खाली घालून ऐकेन. पण तो आजवर कोणीच घेतलेला नाही. सगळ्यांना भाषाच खुपते.

आणि भाषा तरी कोणती खुपते? आपल्या घराघरांत परवेज आहेत. ज्या इराणी बादशहाने पैगंबरांचे पत्र फाडले असे आपली परंपरा सांगते, त्या खुस्रोचे बिरुद परवेज होते. जमशेद, रुस्तम ही तर शाहनाम्यातल्या इस्लामपूर्व वीरांची नावे. फारसीला एवढी मोकळीक दिली, मग संस्कृतने काय घोडे मारले? इंडोनेशियात वीस कोटींहून अधिक मुसलमान राहतात. त्या देशाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो. नाव महाभारतातल्या कर्णावरून. त्यांची मुलगी मेगावती, म्हणजे मेघवती, २००१ ते २००४ या काळात अध्यक्ष होती. तिचा कलमा कोणी पुन्हा तपासला नाही.

कुरआनात स्वर्गातल्या पेयांचे वर्णन आहे. त्यात काफूर आहे, जंजबील आहे, मिस्क आहे. हे तीन शब्द मूळचे हिंदुस्थानी, असे सय्यद सुलेमान नदवींसारख्या आलिमाने ‘अरब व हिंद के ताल्लुकात’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे. काफूर म्हणजे आपला कर्पूर, जंजबील म्हणजे शृंगवेर, साधे आले. जो शब्द स्वर्गाच्या प्याल्यात चालतो, त्याची भाषा माझ्या रेशनकार्डावर का चालू नये?

आता दुसऱ्या बाजूला. इथे माझे कौतुक होते, आणि ते मला जास्त सलते. ‘सगळ्या मुसलमानांनी अशी नावे ठेवली तर प्रश्नच मिटेल,’ असे एका समारंभात मला व्यासपीठावरून ऐकवले गेले. कोणता प्रश्न? भाड्याने घर शोधताना ‘ऋजुता’ ऐकून दार उघडते. ‘शेख’ कळले की खोली कालच गेलेली असते. नावाने मिटणारा प्रश्न असता तर माझा तरी मिटला असता.

मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे फारसीच्या दफ्तरातून आलेली. त्या घरांचा हिंदूपणा कोणी तपासत नाही, आणि तपासूही नये. मग माझ्याच नावाचा निष्ठेचा दाखला कशाला करता? माझ्या बापाने मला नाव दिले. प्रतिज्ञापत्र लिहून दिले नव्हते.

ते नाव त्यांनी का निवडले, तेही सांगते. ऋजु म्हणजे सरळ. हा शब्द ऋग्वेदात आहे, आणि अवेस्तेत त्याचा भाऊबंद आहे. नमाजात फातिहा पढताना आपण रोज अल्लाहकडे सरळ वाट मागतो. त्या मागण्याला मराठी नाव शोधताना वडिलांना ऋजुता सापडली. आजीच्या जिभेवर मात्र ‘ऋ’ बसेना. ती मला ‘उजू’ म्हणायची. भावंडे चिडवत, ‘हिला नमाजच्या आधी करतात!’ पुढे कोश उघडला तेव्हा कळले की ऋजूचे जुन्या मराठीतले रूप उजू हेच. आपला उजवा हातही त्याच मुळाचा. अक्षरओळख नसलेली ती बाई चुकत नव्हती. संस्कृत नाव तिने मराठी करून घेतले होते, आणि मराठी होता होता ते वजूच्या शेजारी जाऊन बसले होते.

भावाच्या मुलीचे नाव आयेशा ठेवले. सुंदर नाव आहे. मी तिला त्याच नावाने छातीशी धरते. माझी तक्रार त्या नावाबद्दल नाही, ते ज्या भीतीने निवडले गेले तिच्याबद्दल आहे. वडिलांनी माझे नाव ठेवले तेव्हा त्यांनी फक्त अर्थाचा विचार केला होता. आयेशाच्या वेळी आम्ही शेजारी, घरमालक, मौलवी, शाळेचा कारकून, सगळ्यांचा विचार केला. एवढ्या गर्दीत त्या पोरीचा विचार कोणी केला?