बोअर माझी, पाणी कोणाचं?



एप्रिल उजाडला की माझ्या वर्गाची हजेरी कमी व्हायला लागते. "काल का आली नाहीस गं?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "सर, टँकर आला होता." म्हणजे गावात पाणी कमी पडलं, की पहिली सुट्टी मुलींच्या शाळेला! आणि त्याच गावात आठशे-नऊशे फुटांवरच्या बोअरचं पाणी एखाद्या उसाला चालू असतं. यात चूक कोणाची? आज याच विषयावर थोडं बोलूया.

आधी दोन प्रश्न

कोणतीही वस्तू खाजगी की सार्वजनिक, हे ओळखायला अर्थशास्त्र दोन साधे प्रश्न विचारतं. एक, ती वापरण्यापासून दुसऱ्याला अडवता येतं का? दोन, मी वापरली तर दुसऱ्याला कमी पडते का?

तुमच्या डब्यातली पोळी घ्या. दुसऱ्याला अडवता येतं आणि तुम्ही खाल्ली की ती संपते. ही झाली खाजगी वस्तू. रस्त्यावरचा दिवा घ्या. त्याच्या उजेडात चालणाऱ्याला अडवता येत नाही आणि तुम्ही चाललात म्हणून माझा उजेड कमी होत नाही. ही सार्वजनिक वस्तू. आता जमिनीखालचं पाणी बघा. अडवता तर येत नाही, कारण खडकातल्या भेगांना बांध नसतो. पण एकाने उपसलं की दुसऱ्याला कमी मात्र पडतं. अशा वस्तूला सामाईक संसाधन म्हणतात. गायरान, जंगल, समुद्रातले मासे हे सगळे त्याच घरातले.

चिंचोक्यांचा खेळ

हे वर्गात समजावताना मी एक खेळ घेतो. ताटात 20 चिंचोके, भोवती पाच मुलं. प्रत्येकाने हवे तेवढे घ्यायचे. फेरी संपल्यावर ताटात जेवढे उरतील, तेवढेच मी आणखी टाकणार, पण 20 च्या वर नाही. बोलायला बंदी. पहिल्याच फेरीत ताट रिकामं! शून्याची दुप्पट शून्यच.

मग दुसऱ्या गटाला मी बोलायची परवानगी देतो. थोडी भांडाभांडी होते आणि कोणीतरी म्हणतं, "दोन-दोनच घेऊया." दहा गेले, दहा उरले, पुन्हा वीस झाले. पाच फेऱ्यांत पन्नास चिंचोके वाटून होतात आणि ताटात दहा शिल्लक राहतात. मुलं तीच, ताट तेच. फरक फक्त बोलण्याचा.

गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली लिहिलं, की सामाईक कुरणाचा शेवट नाशातच होतो, कारण प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत राहतो. उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी बंधन. हा आमचा पहिला गट. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं, की लोक एकत्र बसून स्वतः नियम करतात, लक्ष ठेवतात आणि संसाधन टिकवतात. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडे झालंय हे

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, तर घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस घ्यायचा नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे पावसाळ्यानंतर गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि गुरं, मग पिकं. पाऊस कमी तर पिकंही त्या हिशोबाने.

मग अडतं कुठे?

कायदा नाही असं नाही. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा कायदा 1993 सालीच झाला. पुढे त्याहून व्यापक भूजल कायदा आला. पण शिवारात टेप घेऊन जाणार कोण? आणि वीज मोफत झाली, की पंप एक तास जास्त चालवायचा खर्च शून्य.

तुम्ही म्हणाल, "सर, कर्ज काढून बोअर घेतली, बाग जगवायची नाही का?" प्रश्न खरा आहे. तो शेतकरी चोर नाही. आपण थांबलो तर शेजारी उपसेल, ही त्याची भीतीही खरी आहे. पण म्हणूनच एकट्याने शहाणं होऊन भागत नाही, नियम सगळ्यांना एकदम लागावा लागतो. नाहीतर ज्याच्याकडे पैसा तो आणखी खोल जातो आणि लहान शेतकऱ्याची विहीर आधी आटते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बोअर तुमची, मोटार तुमची, पण पाणी गावाचं. दर महिन्याला शाळेतल्या मुलांनी गावविहिरीची पातळी मोजावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. दोरी आणि दगड, खर्च काही नाही. दिवाळीच्या आसपास ग्रामसभेने त्या आकड्यांवरून रब्बीची पिकं ठरवावीत. आकडा डोळ्यासमोर असला, की भांडण माणसांशी न होता हिशोबावर होतं.

तुमच्या गावात शेवटची विहीर कोणत्या महिन्यात आटते? माहीत नसेल तर आज घरी आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कधी आटायची. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी-शेजारी लिहा. पुढच्या ग्रामसभेला ती वही घेऊन जा.