चुकलेल्या चौकटी

छायाचित्रण शिकणाऱ्याने आरंभीचे काही महिने कृष्णधवल फिल्मवर काम करावे, असे म्हटले की स्मरणरंजनाचा आरोप हमखास होतो. फिल्म आपोआप संयम शिकवते, असा माझा दावा नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ साली निवर्तला, तेव्हा त्याचे सुमारे २५०० रोल डेव्हलप न होताच पडून होते. माझे म्हणणे एवढेच की, फिल्म चूक जपून ठेवते.

रोलमध्ये ३६ चौकटी. टिपलेली चौकट लगेच दिसत नाही, पुसताही येत नाही. मिट्ट काळोखात, केवळ बोटांच्या अंदाजाने फिल्म रिळावर चढवायची, टाकी बंद करायची. मग डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो आणि धुणे. डेव्हलपर साधारण २० अंशांवर राखायचा, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीभोवती बर्फाचे पाणी हवेच.

महाविद्यालयात असताना मी ओसरीवर बसलेल्या आजीचे छायाचित्र घेतले होते. मागे अंगणात लख्ख ऊन होते. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाने त्या उन्हाचेच माप घेतले आणि मी ते मुकाट्याने मानले. निगेटिव्हवर आजीच्या चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी, पारदर्शक फिल्म होती. डेव्हलपिंगचा वेळ वाढवला असता तर अंगण तेवढे अधिक दाट झाले असते. सावलीत जे उमटलेच नाही, ते कोणतेही रसायन परत आणू शकत नाही. एक्स्पोजर सावल्यांसाठी द्यावे आणि डेव्हलपिंग उजळ भागांकडे पाहून करावे, हा नियम मी वाचला होता. कळला तो त्या दिवशी. पुन्हा छायाचित्र घेण्यापूर्वीच आजी गेली.

पडद्यावर ती चौकट मी तत्क्षणी पुसली असती आणि दुसरी घेतली असती. आजीचा चेहरा मिळाला असता, हे मला नाकारता येत नाही. पण पहिली का बिघडली, हा प्रश्न मात्र पडला नसता.

वर्गात मला हेच दिसते. विद्यार्थी निबंधाचा पहिला खर्डा संगणकावर पुसून टाकतात. मग कोणते वाक्य का बदलले, हे त्यांना सांगता येत नाही.

फिल्म आणि रसायने आता महाग आहेत, हा आक्षेप रास्त आहे. ज्याला परवडत नाही त्याने मोबाइलवर ३६ चौकटी घ्याव्यात, आठवडाभर पाहू नयेत आणि एकही पुसू नये. निदान चुकांशी ओळख तरी होईल.