रिटर्न पंप बदलताय? खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा

जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली. तेव्हापासून वॉशिंग मशीन दुपारी लावा, इस्त्री ऑफिसला जाण्याआधी नको, नंतर करा, असे सल्ले सगळीकडे फिरतायत. सल्ले चुकीचे नाहीत. पण घरातल्या काही वस्तूंना वेळ निवडताच येत नाही. फ्रिज, वायफाय राउटर, आणि घरात फिशटँक असेल तर त्याचा पंप. तो रात्री ३ वाजताही चालू असतो आणि असायलाच हवा.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. घर रत्नागिरीत, टाकीही तिथेच, आई-बाबांच्या देखरेखीखाली. तिचा रिटर्न पंप बदलायची वेळ आली तेव्हा ऑनलाइन यादी उघडली. प्रत्येक पंपाच्या फोटोवर एकच आकडा ठळक: ३००० लिटर, ४००० लिटर, ५००० लिटर प्रति तास. फोन घेताना नुसते मेगापिक्सेल बघू नका, हे आता सगळ्यांना कळलंय. पंपाच्या बाबतीत तेच अजून सांगावं लागतं.

रिटर्न पंप नेमकं काय करतो?

मोठ्या टाक्यांमध्ये फिल्टर आत न बसवता खाली कपाटात दुसरी छोटी टाकी ठेवतात. तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोमधून आपोआप संपमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि ते परत वर चढवतो तो रिटर्न पंप. खाली येणं गुरुत्वाकर्षणाचं काम, वर जाणं पंपाचं.

तो थांबला तर फक्त पाणी फिरणं थांबत नाही. माशांच्या विष्ठेतला अमोनिया विषारी असतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. शिवाय कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. रत्नागिरीत मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या आसपास असणं काही विशेष नाही. म्हणजे जेव्हा वीज जाण्याची भीती जास्त, तेव्हाच माशांच्या हातात वेळ कमी.

३००० लिटर म्हणजे ३००० लिटर नाही

खोक्यावरचा प्रवाह पंपाला पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. शेजारीच लहान अक्षरांत दुसरा आकडा असतो, ‘एच मॅक्स’. पंप जास्तीत जास्त किती उंचीपर्यंत पाणी ढकलू शकतो ती ही उंची. त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. तुमची टाकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

उंची मोजायची ती संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. नळीचं तोंड पाण्याच्या वर असेल, तर त्या तोंडापर्यंत. पंप संपच्या तळाशी बसलाय म्हणून तळापासून मोजायची गरज नाही.

आता गणित. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. संपमधून तासाला टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरावं, असा ठोकताळा शौकीन मंडळी वापरतात. म्हणजे आपल्याला हवेत ६०० ते ९५० लिटर. मधला आकडा धरू, ८००. चढ १.२ मीटर.

पहिला पंप: ३००० लिटर, एच मॅक्स ३ मीटर. सरळ रेषेचा ढोबळ हिशेब केला तर १.२ मीटरवर १८०० लिटर मिळतात. गरजेच्या दुप्पट.

दुसरा पंप: १८०० लिटर, एच मॅक्स २.२ मीटर. तोच हिशेब, तीच उंची: सुमारे ८२०. हवं तेवढंच.

खरा आलेख सरळ रेषेत नसतो, थोडा फुगीर असतो, आणि नळीतलं घर्षण व प्रत्येक एल्बो त्यातून आपला वाटा काढून घेतो. म्हणून कंपनीने आलेख दिला असेल तर तोच बघा. ज्या खोक्यावर आलेख नाही आणि एच मॅक्सही नाही, तो पंप सरळ बाद करा. दुसरं एक: पंपावरची नळी जोडायची जागा मोठी असेल, तर स्वस्तात मिळते म्हणून बारीक नळी घालू नका. वाचवलेले पैसे प्रवाहात जातात.

आणि दुप्पट प्रवाह मिळाला तर बिघडलं कुठे? बिघडतं. ओव्हरफ्लोची नळी ठरावीक पाणीच खाली आणू शकते. पंप तिच्यापेक्षा जास्त पाणी वर टाकायला लागला, की टाकी काठावरून सांडते. मग व्हॉल्व्ह अर्धा बंद करून प्रवाह आवरायचा. म्हणजे मोठ्या पंपाचे पैसे द्यायचे आणि वर त्याचा गळाही दाबायचा.

बिलात काय दिसेल

समजा मोठा पंप ४५ वॉटचा आणि लहान २५ वॉटचा. महिन्याला मोठा ३२.४ युनिट खातो, लहान १८. फरक १४.४ युनिटचा. हिशेब सोपा व्हावा म्हणून युनिटला १० रुपये धरू, तुम्ही स्वतःच्या बिलातला दर घाला. महिन्याला १४४ रुपये, वर्षाला १७२८. पंपाच्या किमतीत ३०० रुपये वाचले म्हणून खूश होणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

इथे स्लॅबही लक्षात घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पंपाचे युनिट घरच्या इतर वापरावर चढतात, म्हणून व्यवहारात ते तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यात मोजले जातात.

आता टीओडी सवलत. पंप दिवसरात्र चालतो, त्यामुळे त्याच्या २४ तासांपैकी ८ तास सवलतीच्या वेळेत पडतात. युनिटमागे ८० पैसे सवलत धरली तर ४५ वॉटच्या पंपावर महिन्याला वाचतात जेमतेम ९ रुपये. एकीकडे ९ रुपये, दुसरीकडे १४४. चर्चा सगळी पहिल्या आकड्याची होते. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूत तुम्ही ती कधी चालवता याला फार अर्थ नाही, ती किती वॉटची आहे यालाच अर्थ आहे.

या मीटरवरून राज्यात वाद बराच झाला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. पुढे आलेले टीओडी मीटर पोस्टपेड आहेत. तुमचं मत काहीही असो, मीटर लागलाच असेल तर त्याचा एक उपयोग करून घ्या. तासागणिक वापर मोबाइलवर बघता येतो असं महावितरण सांगते. रात्री ३ ते ४ मधला आकडा बघा. पंखे आणि एसी वजा केले, की जे उरतं ते तुमच्या घरातल्या कधीच न झोपणाऱ्या वस्तूंचं बिल.

वॉटचा आणखी एक हिशेब आहे. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते. कोकणातल्या उन्हाळ्यात टाकीत जास्तीचे २० वॉट सोडायचे आणि मग ती थंड करायला वरून पंखा लावायचा, याला काय म्हणणार?

स्मार्ट पंप: किती स्मार्ट?

डीसी पंपांचं सध्या वारं आहे. २४ व्होल्टवर चालतात, आवाज कमी, वेग कमीजास्त करता येतो, वीज साधारणपणे कमी लागते. ही खरी सुधारणा आहे. पण त्यात एक ॲडॉप्टर आणि एक कंट्रोलर जास्तीचा येतो, म्हणजे बिघडायच्या दोन जागा जास्त. खाऱ्या हवेत कंट्रोलर टाकीच्या डोक्यावर किंवा संपच्या कपाटात ठेवू नका.

ॲपवाल्या पंपाबद्दल मात्र माझ्यातला इंजिनिअर सावध होतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. इंटरनेट नसताना पंपावरचं बटण चालतं का? वीज जाऊन आली की तो आपोआप, आधीच्याच वेगाने सुरू होतो का? कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर काय? तिसरा प्रश्न कल्पनेतला नाही. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांच्या घरातली ॲपवरची सोय एका रात्रीत गेली.

साध्या पंपाला स्मार्ट प्लग लावत असाल तर दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. वीज आल्यावर काही प्लग ‘बंद’ अवस्थेत उठतात. सेटिंगमध्ये ‘पॉवर ऑन स्टेट’ शोधा, ‘ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ निवडा, आणि बटण दाबून नाही, तर घरचा मेन स्विच बंद-चालू करून तपासा.

वीज गेल्यावरची परीक्षा

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड भागातली वीज कित्येक दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. म्हणून इथे पंप निवडताना तो चालू असताना काय करतो याइतकंच तो बंद पडल्यावर काय होतं हे बघावं लागतं.

पहिली गोष्ट, पाणी उलटं येतं. पंप थांबला की रिटर्न नळीच सायफन बनते आणि तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी संपमध्ये ओढते. आपल्या टाकीत पातळी १ इंच उतरली तर साधारण साडेदहा लिटर पाणी खाली येतं. नळीचं तोंड ४ इंच खोल असेल तर ४२ लिटर. संपमध्ये तेवढी जागा आहे? नसेल तर तोंड पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली ठेवा. नळीला पातळीजवळ छोटं भोक पाडतात, त्यातून हवा शिरून सायफन तुटतो; ते शेवाळाने बुजणार नाही हे बघा. एकेरी व्हॉल्व्हवर भिस्त नको, त्यात कचरा अडकतो. नवीन पंप बसवला की मुद्दाम बंद करून १० मिनिटं संपकडे बघत बसा.

दुसरी गोष्ट, बॅकअप. घरी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्यावर एसी पंप गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्ह चांगला. इन्व्हर्टरच नसेल तर यूएसबीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-तास असतात, हाती ५५ लागतात असं धरू. दीड वॉटचा हवेचा पंप त्यावर ३६ तास चालू शकतो. फक्त एक मेख आहे: खूप कमी करंट ओढला जात असेल तर काही पॉवर बँका फोन चार्ज झाला असं समजून स्वतः बंद होतात. त्यामुळे ही जोडी पावसाळ्याआधी दोन-तीन तास चालवून बघा.

पैसे देण्याआधी

आधी जुना पंप खरंच गेलाय का ते तपासा. प्लग काढा, पुढचं झाकण उघडा, आतलं चुंबकाचं चक्र म्हणजे इम्पेलर बाहेर काढा. क्षाराचा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा आणि स्वच्छ धुवा. अनेक ‘मेलेले’ पंप इथेच उठून बसतात. वेगळा इम्पेलर मिळतो असा पंप घेणं म्हणूनच शहाणपणाचं. समुद्री टाकी असेल तर धातूचा दांडा नको, सिरॅमिकचा घ्या.

पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत, म्हणून खूण तपासा. विजेच्या घरगुती उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयएस ३०२ हे भारतीय मानक आहे. मार्च २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने दिल्लीतल्या एका बड्या ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामात छापा घालून ३५०० हून जास्त विजेच्या वस्तू जप्त केल्या. गीझर, मिक्सरसारख्या वस्तूंवर आयएसआय खूण नव्हती किंवा बनावट होती. पंपावर खूण असेल तर तिच्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळतं का बघा. आयात वस्तू असेल तर मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता खोक्यावर हवाच. पत्ता नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार?

घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. आणि पंपाची वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या, मग वर न्या. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळात थेंब होऊन खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. याला एक रुपयाही लागत नाही, आणि कुठल्याही खोक्यावर हे छापलेलं नसतं.