घरीच असते!

परवा मावशीबरोबर साताऱ्याला वकिलांकडे गेले होते. सांगलीहून आमच्याकडे येताना हायवेवर टेम्पोने त्यांच्या गाडीला ठोकलं. तिच्या मांडीत रॉड आहे, खाली बसता येत नाही. भरपाईच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना आला. काका पटकन म्हणाले, "काही नाही, घरीच असते."

मावशी गप्प. माझं डोकं सणकलं!

पहाटे पाचपासून सात माणसांचं करणारी बाई 'काही नाही'? ती अंथरुणाला खिळल्यावर स्वयंपाकाला एक आणि आजींचं करायला एक, अशा दोन बायका ठेवाव्या लागल्या. त्या काय फुकट येतात?

कायद्याची नजरही अशीच होती. मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात १९९४ पासून २०१८ पर्यंत न कमावणाऱ्याचं उत्पन्न धरलं होतं वर्षाला १५,००० रुपये! २००१ च्या जनगणनेने तर गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कोरडे ओढले. २०२१ मध्ये पुन्हा बजावलं, की गृहिणीच्या कामाला किंमत आहे आणि भरपाईत ती धरलीच पाहिजे.

न्यायालयाला कळलं. आपल्या घरात कधी कळणार? घरच्यांनीच हिशोब शून्यापासून सुरू केला, तर न्यायाधिकरण तरी काय करणार?

काका हे वाचतीलच. तर काका, त्या रकान्यात 'गृहिणी' लिहा आणि त्या दोघींच्या पगाराचा हिशोब जोडा. मावशीच्या कामाची किंमत दर महिन्याला तुम्हीच तर मोजताय.