मज्जा हाडात की पाठीत?



शरीररचनेचे मराठी शब्द पुन्हा मूळ संस्कृत अर्थावर आणा, ही आपल्या वृत्तपत्राच्या एका वाचकाची मागणी पटली नाही. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा पट्टा. अशा ५०० पेशी तिथे मोजल्या आहेत. स्नायू ९००, आणि ते सांधे बांधून ठेवणारे. मराठीने पेशीला शरीराचा सूक्ष्म घटक केले आणि तिच्या जागी स्नायू बसवला. हिंदीत मांसपेशी जुन्या अर्थावर राहिली, तर बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह. म्हणून काय तालमीतल्या पोराला ‘पेशी बऱ्या कमावल्यास’ म्हणायचे? अर्थ बदलले, पण आज मराठीत त्यामुळे कुणाचे अडत नाही.

अडते ते ‘मज्जा’पाशी, आणि त्याला आपली आरोग्य पुरवणीही जबाबदार आहे. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा हाडाच्या पोकळीत असते. मणक्यांच्या पोकळीतही मऊ गर दिसला, म्हणून तो झाला मज्जारज्जू आणि त्यातून निघणारे ते मज्जातंतू. ग्रीकांनीही हेच केले होते. त्यांचा ‘मायलॉस’ दोन्हीकडे चालतो: ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा आजार, पोलिओमायलायटिस पाठीच्या कण्यातल्या दोरीचा. डॉक्टरांना ते पाठ असते. रुग्णाच्या नातेवाइकांनी कुठे जावे?

अस्थिमज्जा दान करायची म्हटले की घरचे पहिले विचारतात, ‘पाठीत सुई घालणार? पाय लुळे पडले तर?’ वास्तविक मज्जा काढतात ती कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून. मज्जारज्जू, म्हणजेच मेरुरज्जू, तिथे नसतोच. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. बऱ्याच दात्यांच्या बाबतीत तर हल्ली हाडातून मज्जा काढतच नाहीत; हातातल्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात. ही भीती एकट्या शब्दामुळे आहे असे मी म्हणत नाही. पण एका पानावर ‘मज्जारज्जूला इजा, रुग्ण पांगळा’ आणि पुढच्या पानावर ‘मज्जादान करा’ असे छापले, तर वाचकाने दोन्हींचा संबंध जोडला यात त्याचे काय चुकले?

शाळेच्या पुस्तकांत मुले मेरुरज्जू आणि चेता हेच शब्द शिकतात. तेव्हा नवी समिती नको, परिभाषाकोशाची वाट पाहणेही नको. पुरवणीच्या संपादकांनी मज्जा हाडापुरती ठेवावी आणि मज्जारज्जूऐवजी मेरुरज्जू, मज्जातंतूऐवजी चेता लिहावे. सुरुवातीला कंसात जुना शब्द दिला तरी चालेल.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा