तिघांनी वाजवलेला एक दिवस

मराठी घरात कान आधी शब्दांवर पोसला जातो. आमच्याकडे रेडिओवर भावगीतं लागायची, नाट्यपदं लागायची, आणि गाणं आवडलं म्हणजे त्यातली एखादी ओळ आवडली, असाच अर्थ असायचा. आजी दाद द्यायची ती शब्दाच्या फेकीला. नुसतं वाद्यसंगीत कानावर यायचं ते दोन कार्यक्रमांमधली वेळ भरून काढायला, नाहीतर कुणी मोठा नेता गेला की दिवसभर. वाद्यं मुद्दाम लावून कुणी ऐकत बसलंय, असं मी लहानपणी पाहिलंच नाही.

माझी ही सवय एका ध्वनिमुद्रिकेने मोडली. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, एचएमव्हीची, 1967 सालची. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात रागांतून उलगडत जातो. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काबरांचं आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. शिवकुमार, हरिप्रसाद आणि काबरा तेव्हा जेमतेम तिशीत पोचत होते. माझ्या हाती ती कॅसेटवर आली, कॉलेजच्या वयात, आणि पुढची कित्येक वर्षं मी काय ऐकायचं हे तिनेच ठरवलं.

मेंढपाळाची गोष्ट सुंदर आहे, पण जादू तिच्यात नाही. ती या तीन वाद्यांच्या निवडीत आहे. संतूर काश्मीरच्या सुफियाना संगीतातलं. बासरी लोकसंगीतातली, पन्नालाल घोषांनी तिला रागदारीच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली, त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. गिटार तर परदेशीच. सतार-सरोदचा वारसा सांगणारं यांतलं एकही वाद्य नाही. तिघांनाही आपल्या वाद्यावर राग वाजू शकतो हे सिद्ध करायचं होतं आणि ती निकड प्रत्येक सुरात ऐकू येते.

संतूरवर तारांना कलमांनी, म्हणजे लाकडी काड्यांनी, आघात करायचा असतो. आघात झाला की सूर उमटतो आणि विरत जातो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं त्याला जमत नाही. शिवकुमारांनी 1955 मध्ये मुंबईत वाजवलं, त्या सुमाराला जाणकारांचा मुख्य आक्षेप हाच होता: ज्यात मींड नाही त्यात राग कसा? त्यांनी वाद्याची जुळणी बदलली, ते चौकटीवरून मांडीवर घेतलं, कलम तारेवर हलकेच थरथरवत सूर लांबवण्याची युक्ती काढली. तरी दोन सुरांमध्ये फट राहतेच. काबरांचं गिटार नेमकं उलट. मांडीवर आडवं ठेवलेलं, तारांवरून स्टीलचा बार सरकवत वाजवायचं; त्यात मींडच मींड. आणि बासरीला श्वास.

सुरुवातीच्या अहिर भैरवात हे तिन्ही एकमेकांच्या पाठोपाठ येतात. संतूर सूर टिंबांसारखे ठेवत जातं, मग गिटार त्याच टिंबांमधून एक सलग रेघ ओढतं. मींड म्हणजे काय, हे मला त्या क्षणी समजलं, कारण आधी तिच्याशिवायचा राग ऐकला होता. कुठल्याही गुरूने शब्दांत सांगून हे झालं नसतं. पुढे अहिर भैरवातून नट भैरव उगवतो: कोमल ऋषभ शुद्ध होतो, शुद्ध धैवत कोमल होतो, कोमल निषादाच्या जागी शुद्ध येतो. तेव्हा मला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. उजेड बदलला, एवढं मात्र कळलं होतं.

यानंतर मी मागे गेले. आधी पन्नालाल घोष, मग काबरांचे गुरू अली अकबर खाँ यांचा सरोद, मग विलंबित ख्याल, जो आमच्या घरी ‘अजून शब्द सुरू झाले नाहीत’ म्हणून बंद केला जायचा. आणि खरा फरक पडला तो जुन्याच गाण्यांत. ‘स्वयंवर’मधलं भूपातलं पद लहानपणापासून कानावर होतं; आता त्यात गंधारावरून षड्जावर येतानाची वाट ऐकू यायला लागली. भीमसेनजींचे अभंग पाठ होते, पण दोन शब्दांमध्ये ते काय करतात हे जणू कुणी लपवून ठेवलं होतं. नवी आवड लागली तेव्हा जुनी गेली नाही, ती खोल झाली.

या ध्वनिमुद्रिकेला ‘हलकी’ म्हणणारे रसिक मला भेटले आहेत. राग पुरता मांडलेला नाही, पहिला तुकडा बारा मिनिटांच्या आसपास आणि बाकीचे त्याहून लहान, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. लाँगप्लेच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावायची. त्या जागेत रागाचा विस्तार नव्हे, रागाची ओळखच करून देता येते, आणि ती इथे अत्यंत सचोटीने करून दिली आहे. एकाही तुकड्यात टाळ्यांसाठी धावणं नाही.

तिचे निर्माते होते गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन मराठी भावगीताला ध्वनिमुद्रिकेवर आणणारे तेच. वकिली सोडून एचएमव्हीत आले आणि त्यांनी मोठमोठे गवई ध्वनिमुद्रित केले. शब्दांवर एवढं प्रेम असलेल्या माणसाने एकाही शब्दाविना गोष्ट सांगणारी तबकडी घडवावी, याचा मला मराठी श्रोती म्हणून अभिमान वाटतो. भावगीताने त्यांना प्रसंगाचा भाव नेमका पकडायला शिकवलं असणार, असं मला ती ऐकताना नेहमी वाटतं.

पुढे ‘शिव-हरी’ हे नाव ‘सिलसिला’, ‘चांदनी’, ‘लम्हे’ यांसारख्या चित्रपटांमुळे घरोघरी पोचलं. तिसरं नाव मागे राहिलं. काबरा 2018 मध्ये गेले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्यावर सविस्तर काही वाचल्याचं मला आठवत नाही. ही ध्वनिमुद्रिका पुन्हा लावाल तेव्हा एकदा फक्त गिटारच्या मागे जा, पहाटेपासून शेवटच्या पहाडीपर्यंत. मग त्यांचं एकल वादन शोधा. ते आज सहज मिळतं.