हक्काच्या कामाला ‘दक्षिणा’ कशासाठी?

लाच सर्वांनाच सारखी छळते, असा समज सुशिक्षित समाजात रूढ आहे. हा समज सोयीचा आहे. खरा मात्र नाही.

धनिक लाच देतो ती बहुधा हक्काबाहेरचे काही मिळविण्यासाठी : वाढीव बांधकाम, माफ झालेला दंड, दुसऱ्याच्या वाट्याचे कंत्राट. त्याच्या हिशेबी ती गुंतवणूक असते आणि ती व्याजासह वसूल होते. गरीब लाच देतो ती कायद्याने जे त्याचेच आहे, ते पदरात पडावे म्हणून. एक खरेदी करतो, दुसरा खंडणी भरतो. दोघांना एकच नाव देणे हाच पहिला अन्याय होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. अशा गावातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वडील वारले, तर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढल्याखेरीज पीककर्जाची वाट मोकळी होत नाही. फेरफारावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. ती संपली, हरकतही आली नाही आणि तरीही कागद अडला, तर शेतकऱ्याने काय करावे? मृग नक्षत्र कोणासाठी थांबत नाही. मागितलेले दोन हजार रुपये सावकाराकडून आणावेत, की सारी पेरणीच सावकाराच्या पैशावर करावी, एवढीच निवड त्याच्यापुढे उरते. शहरातील व्यावसायिकाला दोन हजार म्हणजे एका रात्रीच्या जेवणाचे बिल. शेतमजुराच्या घरी ती आठवड्याची कमाई!

कायदा हा भेद पुरेसा ओळखतो काय? १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणारा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरला. नाइलाजाने लाच दिलेल्याला सवलत आहे. पण सात दिवसांत तक्रार केली तरच. कंत्राटदाराचे सात दिवस त्याचा वकील मोजतो. शेतकऱ्याला असा नियम आहे, हेही कोणी सांगत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा दूरध्वनी विनामूल्य आहे, हे खरे. परंतु तक्रार केल्यावर पुढच्या दाखल्यासाठी पायरी त्याच कार्यालयाची चढायची असते! राज्याच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. मात्र दाद मागण्यासाठी अपिलाचे हेलपाटे अर्जदारानेच घालायचे.

कौटिल्याची दृष्टी निराळी होती. अधिकारी दोषी आढळला की त्याच्या कार्यक्षेत्रात दवंडी पिटावी, त्याच्याकडून नाडले गेलेल्यांनी पुढे यावे आणि प्रत्येकाला नुकसानीइतकी भरपाई मिळावी, असे ‘अर्थशास्त्र’ सांगते. तेथे नाडलेला माणूस आरोपी नव्हता.

आज हवे आहे ते एवढेच. मुदत टळली की जाब अधिकाऱ्याला आपोआप विचारला जावा. अर्जदाराने अपील करण्याची वाट पाहू नये. आणि हक्काच्या कामासाठी नाडल्या गेलेल्याला शिक्षेचे नव्हे, भरपाईचे आश्वासन मिळावे. जे राज्य गरिबाला त्याचाच हक्क विकत घ्यावयास लावते, त्याने सुशासनाची भाषा बोलू नये.